आत्याचं मधलं मॉडेल

माझी आत्या पडदे शिवते. म्हणजे नुसती शिवत नाही. लोकांच्या घरी जाऊन खिडकीचं माप घेते, कापडाचे नमुने दाखवते, शिवून झालं की भिंतीला भोकं पाडून रॉड बसवते, पडदा टांगते आणि मग दोन पावलं मागे जाऊन चुण्या बघते. एखादी चुणी वाकडी दिसली की परत स्टुलावर. भिंत, ड्रिल, स्टूल, शिडी, कशालाच ती घाबरत नाही. अनोळखी माणसांशी बोलायला मात्र घाबरते. म्हणून बोलायचं खातं माझ्या बाबांनी आपणहून घेतलं, आणि तिथेच सगळं घोडं पेंड खायला लागलं.

बाबा आत्याचे थोरले भाऊ. ते पाणीखात्यात मीटर तपासायचे. आत्याचं लग्न मोडलं तेव्हा ते स्वतः जाऊन तिला घेऊन आले, तिचं शिलाई मशीन गाडीच्या टपावर दोरीने बांधून. तिला एक प्रश्न विचारला नाही, आईलाही विचारू दिला नाही. ही गोष्ट आमच्या घरात कुणीच काढत नाही, बाबा तर नाहीच नाही. पण न काढता ती असतेच. ती असल्यामुळे आत्याच्या तोंडून बाबांपुढे 'नको' हा शब्द कधी निघाला नाही. आमटीत मीठ जास्त झालं तरी ती बाबांना म्हणायची, बरोबर आहे.

बाबांची जुनी गाडी लहान आणि पडद्यांचे रॉड लांब. त्यामुळे कामाला निघायची पद्धत ठरलेली होती. बाबा गाडी चालवायचे. आत्या मागे बसायची, रॉड खिडकीतून बाहेर काढायची, टोकाला लाल फडकं बांधायची आणि मुक्कामाला पोचेपर्यंत ते दोन्ही हातांनी धरून ठेवायची. गाडी वळली की आत्याही वळायची. एकाने चालवायचं आणि एकाने धरायचं, त्यामुळे दोघांशिवाय काम व्हायचं नाही. बाबा निवृत्त झाल्यापासून तर ते रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून आत्याच्या आधी तयार असायचे.

चालवण्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार पोचल्यानंतरची होती.

गिऱ्हाइकाच्या घरी आत्या मापं घेत असायची आणि बाबा सोफ्यावर बसून सल्ले द्यायचे. एका बाईंना म्हणाले, "पडदे कशाला, समोर भिंतच तर आहे." एका नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाले, "अस्तर घालू नका, काही फरक पडत नाही." अस्तरावरच तर आत्याचे चार पैसे सुटायचे. एका घरात त्यांनी खिडकीची चौकट वाळवीने खाल्ली असल्याचं दाखवून दिलं. ते खरं होतं. त्या लोकांनी आधी चौकट बदलली आणि पडद्यांचं नाव काढलं नाही. बाबांच्या तोंडात तीळ भिजत नाही आणि पोटात पाप नाही. अशा माणसावर रागावताही येत नाही, हा सगळ्यात मोठा त्रास.

मी आत्याला कितीदा म्हटलं, तोंड उघड, सांगून टाक. मी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासते, दिवसभर लोकांना 'हे दिसतंय का, ते दिसतंय का' विचारते, त्यामुळे घरी आल्यावर माझ्यात फारसा धीर उरत नाही. आत्या म्हणायची, "सांगीन गं." तिचं 'सांगीन' म्हणजे सांगणार नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

मग लॉजवाली आली. तिचं मोठं लॉज होतं, सगळ्या खोल्यांचे पडदे नवीन करायचे होते. आत्याने आयुष्यात एका वेळी एवढं काम केलं नव्हतं. पहिल्या भेटीला अर्थातच बाबा सोबत होते. त्यांनी लॉजवालीला सांगितलं, की तुमच्या खिडक्या फार मोठ्या आहेत, दिवसा झोपायला येणाऱ्या माणसाला त्रास होणार. पडद्यांवर खर्च करण्यापेक्षा अर्ध्या खिडक्या विटा लावून बंद करा. लॉजवालीने ऐकून घेतलं. संध्याकाळी आत्याला फोन केला आणि म्हणाली, "काम तुम्हालाच देणार आहे. पण भाऊंना आणू नका. ते आले की मला माझ्याच लॉजची लाज वाटायला लागते. एकट्या येत असाल तर या, नाहीतर मी दुसरीकडे बघते."

आत्याने हे फक्त मला सांगितलं. सांगताना ती पडद्याची कड उसवत होती, आणि ती कड अगदी सरळ होती.

त्याच सुमाराला जुन्या गाडीचं इंजिन बसलं. बाबांना वाईट वाटलं, आम्हाला बरं वाटलं. आत्या म्हणाली, "गाडी मी घेते. माझ्या पैशांनी." तिने गाडी चालवायचा क्लास केला होता, लायसन्सही काढलं होतं. बाबांना वाटायचं, लांबच्या प्रवासात आपल्याला विश्रांती मिळावी म्हणून शिकली पोरगी. पोरगी छप्पन्न वर्षांची. त्यांचे डोळे भरून आले. "आपण चांगली मोठी गाडी बघू," ते म्हणाले. "जुनीच घेऊ, पण ऐसपैस."

आत्याचा हिशोब वेगळाच होता. तो तिने मला रात्रीची भांडी विसळताना समजावून सांगितला. मधल्या आकाराची सेडान घ्यायची. तिच्या डिकीत एक खटका असतो, तो ओढला की मागच्या सीटची पाठ पुढे पडते आणि डिकीपासून पुढपर्यंत सलग जागा होते. रॉड आत जातात, कुणी धरावं लागत नाही. पण त्यातही प्रकार आहेत. साध्या मॉडेलमध्ये पाठ पडतच नाही. टॉपमध्ये ती दोन भागांत पडते; एक भाग पाडायचा आणि उरलेल्या भागावर माणूस बसू शकतो. मधल्या मॉडेलमध्ये मात्र सगळी पाठ एकदम आडवी होते. मागे माणूस बसायला जागाच उरत नाही.

"मला ती मधली पाहिजे," आत्या म्हणाली. "मग दादा आपोआपच राहील. मला काही बोलायला नको."

मला ही युक्ती फार आवडली. दोन शहाण्या बायका एका बेसिनपाशी उभ्या होत्या.

पहिली गाडी आम्ही जुन्या गाड्यांच्या दलालाकडे बघितली. मधलंच मॉडेल, करड्या रंगाचं, नीट राखलेलं. आत्याने गळ्यातली मापाची टेप काढली आणि बाकी काही न बघता डिकीत शिरली. दलालाने असं गिऱ्हाईक बघितलं नसावं. तो बाबांकडे वळला आणि पाढे म्हणायला लागला. एसी चालू, चारही काचा बटणावर, पुढे दोन एअरबॅग, मागे सेन्सर आहे, कॅमेरा नाही. बाबा ड्रायव्हरच्या सीटवर बसून डॅशबोर्डवर बोट फिरवत होते.

"हे बटण कशाचं?"

"ते बटण नाही काका, टोपण आहे."

"आणि हे?"

"तेपण टोपण."

"एवढी टोपणं कशाला?"

"टॉप मॉडेलला तिथे बटणं येतात. याला नाहीत, म्हणून भोक झाकलंय."

बाबांनी एक टोपण दाबून बघितलं. ते दबलं नाही. "म्हणजे रोज गाडीत बसलं की आपल्याला कळणार, इथे काहीतरी असायला हवं होतं," ते म्हणाले. आत्या डिकीतून बाहेर आली. तिच्या केसाला जळमट लागलं होतं आणि चेहरा उजळला होता. "बसतात," ती मला हळूच म्हणाली. पण बाबा तोवर फाटकापर्यंत पोचले होते.

बाबांनी एकदा मनावर घेतलं की ते हात धुऊन मागे लागतात. आठवड्याभरात त्यांनी त्याच गाडीचं टॉप मॉडेल शोधून काढलं. एका दातांच्या डॉक्टरांची गाडी होती. डॉक्टर उंच, हसरे, आणि स्वतःच्या गाडीवर जीव असलेले. किंमतही जवळपास तेवढीच सांगत होते, कारण ती जास्त चाललेली होती. त्यांनी आम्हाला पोर्चमध्ये उभं केलं आणि गाडी उघडून दाखवायला लागले. सनरूफ. चावी न लावता बटणावर सुरू. मागे बसणाऱ्यांसाठी वेगळा एसी. मागचं दिसायला कॅमेरा. मिश्रधातूची चाकं. सीट वरखाली करायचा खटका. बाबा प्रत्येक गोष्टीला "वा" म्हणत होते, दात दाखवायला आलेल्या माणसासारखं तोंड उघडं ठेवून.

"ताई पडदे करतात ना?" डॉक्टर म्हणाले. "मग हे बघा." त्यांनी डिकी उघडली, सीटचा मोठा भाग पाडला आणि उरलेल्या भागावर थाप मारली. "रॉड इकडून जातील आणि इथे माणूस आरामात बसेल."

बाबा लगेच आत जाऊन त्या उरलेल्या जागेवर बसले. गुडघ्यावर हात ठेवले. मधला आर्मरेस्ट खाली ओढला, त्यात पेला ठेवायच्या दोन खोबणी निघाल्या. "अगं बघ," ते आत्याला म्हणाले, "माझ्यासाठीच केलीय. तू चालव, मी मागे बसून रॉडवर लक्ष ठेवतो."

मी आत्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर हसले असते, आणि ते बरं दिसलं नसतं.

घरी आल्यावर आमच्याकडे जी वादावादी झाली तशी मी दुसरी ऐकलेली नाही. बाबा बहिणीला चांगली गाडी घ्यायला लावत होते आणि बहीण त्या गाडीत एकेक खोट काढत होती. आणि खरं कारण सोडून बाकी सगळं बोलून झालं.

"सनरूफमधून ऊन येतं," आत्या म्हणाली.

"आतून पडदा आहे त्याला."

"तो पडदा नव्हे, फळी आहे. पडद्याला चुणी असते."

"बरं, कॅमेरा?"

"मागे बघायला मला मान आहे."

"आणि मागचा एसी?"

"मागे कोण बसणार आहे?" आत्या पटकन बोलून गेली. पण बाबा म्हणाले, "मी बसणार आहे," आणि विषय पुढे गेला.

बाबांना तिच्या नकाराचं एकच कारण सुचत होतं, आणि ते त्यांनी आईला स्वयंपाकघरात सांगितलं. "तिला स्वतःसाठी चांगलं घ्यायची सवयच नाही. पहिल्यापासून मधलंच घेते. आपण तिला टॉप घेऊन द्यायला पाहिजे." हे सांगताना त्यांचा आवाज कापत होता. मी दाराशी उभी होते. त्या क्षणी मला आत्याचा राग आला, बाबांचा आला आणि त्या लॉजवालीचाही आला. एवढं प्रेम करणाऱ्या माणसाला काय सांगायचं, की तुम्हाला टाळायला गाडी शोधतोय?

शेवटी आईने निकाल लावला. ती भाजी निवडताना मान वर न करता म्हणाली, "अहो, पैसे तिचे, गाडी तिची. तिला टोपणं आवडतात तर टोपणं घेऊ द्या."

मधलं मॉडेल घरी आलं. बाबांनी मन मोठं करून ते धुतलं, चाकात हवा भरून आणली, आणि प्रत्येक टोपणाच्या जागी टॉपला काय असतं ते आम्हाला एकेक करून सांगितलं. गल्लीत फेऱ्या मारताना ते आत्याच्या शेजारी बसायचे आणि क्लच, गिअर, आरसा, सगळ्याबद्दल बोलायचे. आत्या मान हलवायची आणि गाडी बंद पडायची.

लॉजला जायचा दिवस उजाडला. पहिल्या मजल्याचे पडदे शिवून तयार होते. मी मुद्दाम दुकानात उशिरा येते म्हणून सांगितलं होतं. आत्याने डिकी उघडली, खटका ओढला, आणि मागच्या सीटची सगळी पाठ धप्पकन आडवी झाली. आम्ही रॉड सरकवले. ते सुळकन आत गेले. रॉडवर पडद्यांचे गठ्ठे रचले, गठ्ठ्यांवर ड्रिलची पेटी. मागे मांजर बसलं असतं तरी अडचण झाली असती. आत्याने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. जीव भांड्यात पडला.

बाबा बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन. त्यांनी मागच्या काचेतून आत बघितलं. "वा, सगळीच आडवी झाली की," ते म्हणाले. मग पुढे गेले, ड्रायव्हरच्या शेजारचं दार उघडलं, आत बसले, पट्टा लावला, आणि सीटवर ठेवलेला ब्रॅकेटांचा खोका उचलून मांडीवर घेतला.

आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो. आता सांगायला लाज वाटते, पण पुढच्या सीटचा विचार आमच्या डोक्यात एकदाही आला नव्हता. इतकी वर्षं पुढे चालवायला बाबा आणि मागे रॉड धरून आत्या, असंच बघितलेलं. आत्या चालवणार म्हटल्यावर बाबा मागे जातील, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. टेपने डिकी मोजली, सीट मोजली, गल्लीतल्या फेऱ्यांना बाबा तिथेच बसलेले बघितले, तरी आत्याच्या शेजारी एक आख्खी खुर्ची होती ती दिसली नाही. मी तर नंबर तपासणारी बाई.

"चल," बाबा आतून म्हणाले. "उशीर होईल."

आत्या तशीच उभी होती. हातात चावी. मला वाटलं, आता ही बसणार, गाडी चालवत लॉजला जाणार, बाबा खिडक्यांबद्दल बोलणार आणि सगळं काम हातचं जाणार. आणि ती म्हणणार, बरोबर आहे.

ती पलीकडे गेली नाही. बाबांच्याच दाराशी गेली.

"दादा, उतर."

"काय राहिलं?"

"काही राहिलं नाही. मी एकटी जाणार आहे."

"एकटी? आणि रॉड?"

"रॉड धरावे लागत नाहीत आता."

"बरं झालं की. मग मी नुसता बसतो."

"तू नुसता बसत नाहीस, दादा. तू बोलतोस. तू बोललास की लोक पडदे घेत नाहीत. लॉजवालीने सांगितलंय, भावाला आणू नको."

बाबांनी मांडीवरच्या खोक्याकडे बघितलं. त्याचं झाकण थोडं वर आलं होतं, ते दाबून बसवलं. मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

"कधी सांगितलं तिने?"

"गाडी बघायच्या आधी."

मीटर वाचताना करायचे तसे डोळे बारीक करून बाबा पुढच्या काचेकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणून मधलं मॉडेल?"

"हो."

"पण पुढची सीट सगळ्याच मॉडेलला असते."

"ते आमच्या लक्षात नाही आलं," आत्या म्हणाली.

त्यांनी मान हलवली. चूक कुठे झाली ते समजलं की त्यांना नेहमी बरं वाटतं. पण या वेळी बरं वाटलेलं दिसलं नाही. "मला वाटायचं, तुला एकटीला भीती वाटते," ते म्हणाले. "लोकांच्या घरात जायची."

"वाटते."

"मग?"

"वाटते, दादा. तरी तू नको."

इतक्या वर्षांत हा शब्द तिने त्यांना पहिल्यांदा म्हटला. तिचे डोळे वाहत होते आणि ती पुसत नव्हती. मीही रडत होते. बाबा रडले नाहीत. त्यांनी पट्टा सोडला, खाली उतरले, खोका सीटवर ठेवला आणि पट्टा परत ओढून त्या खोक्याला लावला. "वजन ठेवलं आणि पट्टा नसला की गाडी वाजत राहते," ते म्हणाले. "उगाच लक्ष जातं."

दार लावून ते फाटकाच्या आत येऊन उभे राहिले. आत्या बसली. आरसा हलवला, सीट पुढे घेतली. गाडी निघाली आणि गल्लीच्या वळणावर गचका खाऊन बंद पडली. मागून दुधाचा टेम्पो आला होता, त्याने हॉर्न धरला तो सोडेना. बाबांचा एक पाय फाटकाबाहेर गेला. मग त्यांनी दोन्ही हातांनी फाटकाचा गज धरला आणि पाय आत घेतला. टेम्पोवाला मान बाहेर काढून काहीतरी बोलत होता. गाडी एकदा खोकली, परत खोकली, सुरू झाली. वळणापलीकडे गेली. आवाज ऐकू येईनासा झाला तरी बाबा गज धरूनच होते.

"क्लच जरा लवकर सोडते ती," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "मी काही बोललो का तिला?"

"नाही, बाबा."

"नाही ना," ते म्हणाले, आणि इस्त्रीच्या शर्टाची बटणं सोडत आत गेले.